अजून एक तास

श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाच्या रविवारी दुपारी बाराला सुट्टी, असा शब्द ललितने पॅकिंग हॉलमधल्या बायकांना दिला होता. त्या शब्दावर त्यांनी आधीचे दोन रविवार बिनबोभाट कामाला येऊन काढले होते. पलसाण्याकडच्या त्या मिठाईच्या कारखान्यातल्या बहुतेक बायका बमरोलीत राहणाऱ्या, मूळच्या खानदेशातल्या, आणि सुपरवायझर ललितही त्यांच्यातलाच. कुणाचा दीर, कुणाचा भाचा. म्हणून तर गुजराती मालक केतनशेठने त्याला ती जागा दिली. आधीच्या दोघा सुपरवायझरांना बायका जुमानत नव्हत्या. घरच्याच दोरीने बांधलं की कुणी ओढाताण करत नाही, एवढं शेठला बरोबर कळत होतं.

साडेअकराला शेठचा फोन आला. "ललितभाई, राखीनो माल छे. ट्रक सांजे आवशे. कोईने जवा नथी देवानु. जे जाय एने कहेजो, कालथी नहीं आवे."

"शेठ, आजे अमारी कानबाई छे. में जबान आपी छे."

"तो संभाळी लो ने! तमारा ज माणस छे."

फोन ठेवला गेला. जी जाईल तिचं काम गेलं, आणि हे सांगायचं ललितने.

तो हॉलमध्ये आला. सरकत्या पट्ट्याच्या टोकाला धुरपदाकाकी डब्यांवर झाकणं बसवत होती. आईबाप गेल्यावर याच काकीने ललितला वाढवलं होतं. यंदा भावकीची कानबाई तिच्या घरी बसणार होती. कानबाईच्या नैवेद्याचे रोट भावकीतल्या बायकांनीच भाजायचे असतात, आणि त्या सगळ्या, काकीची सून शीतल आणि ललितची बायको उज्ज्वला धरून, डोक्याला टोप्या घालून याच पट्ट्याशी उभ्या होत्या.

"लल्या, निंघूत का रे आते?" काकीने विचारलं.

खरं सांगितलं असतं तर त्या निघून गेल्या असत्या, आणि त्यांचं काहीच चुकलं नसतं. पण उद्या त्यांची कामं गेली असती, परवा त्याचं. ललितच्या तोंडून निघालं, "काकी, अजून एक तास. एवढा माल झाला की मोकळ्या."

बायकांनी हात चालवले, आणि असे चालवले की मशीन मागे पडावं. मास्कच्या आड कानबाईची गाणीही सुरू झाली. ते ऐकून ललितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तास संपल्यावर त्याने आणखी एक तास मागितला, मग आणखी एक.

पाण्याच्या टाकीपाशी उज्ज्वलाने त्याला गाठलं. "अहो, खरं काय ते सांगा ना. मी तरी परकी नाही."

"तू तरी गप बस," तो खेकसला. दुसऱ्या कुणावर खेकसायची त्याची हिंमत नव्हती.

चारनंतर गाणी थांबली. शीतलने टोपी काढली आणि ती सरळ दाराशी गेली. वॉचमनने ललितकडे पाहिलं. ललितने मान हलवली असती तर दार उघडलं असतं. सगळ्यांचे हात थांबले होते. तो जाऊन तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिला.

"शीतल, काकीची शपथ. आता शेवटचा तास."

पट्ट्याच्या टोकाकडून काकीचाच आवाज आला. "चाल वं माय, मांगे ये. पोऱ्या मन्ही शप्पत लेस, खोटं थोडंच बोली?"

शीतलने टोपी पुन्हा चढवली. त्या क्षणी काकीने त्याच्या थोबाडीत मारली असती तर ललितला बरं वाटलं असतं.

ट्रक दिवेलागणीला भरून गेला. शेठ स्वतः आला आणि त्याने ललितच्या पाठीवर थाप मारली. "वाह! में तो दिवाळीनो ऑर्डर पण लई लीधो, ठेठ भाईबीज सुधी. तमे छो, पछी मने शी चिंता?"

ललित हसला. भाऊबीजेपर्यंत आता सुट्टी नाही, हे त्याला कळलं होतं.

बमरोलीत तोवर गल्लीगल्लीत कानबाया बसल्या होत्या. काकीच्या घरी कारखान्यातून आलेल्या बायका हातपाय धुऊन घाईघाईने रोट भाजत होत्या. बरेचसे करपले. कानबाई अंधार पडल्यावर बसली.

काकीने त्याच्यापुढे रोट आणि खीर ठेवली. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू रोटासाठी मोजून घेतात. "खाय बेटा," ती म्हणाली, "तुन्ही मूठ मीच मोजी शे. आज उशीर व्हयना ते व्हयना. पन माले भाऊबीजले नंदुरबारले जावानं शे, मन्हा भाऊकडे. चार वरीस व्हई गयात. तव्हय सुट्टी शे ना रे?"

चुलीपाशी बसलेल्या बायका इकडे वळल्या. ललितने रोटाचा तुकडा मोडला. उज्ज्वला त्याच्याकडे पाहत होती.

"शे ना, काकी," तो म्हणाला. "शेठसंगे बोलनं व्हई गयं."

काकीचा चेहरा फुलला. तिने शीतलला तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला आणि भावाला मोठमोठ्याने सांगू लागली, की यंदा मी नक्की येते, आमच्या ललितने सुट्टी करून दिली आहे.