चिठ्ठीचा गुण

"तो काळा दगड आहे का हो अजून? घड्याळजींनी नेला तसला?"

शनिवारच्या बाजारात शिवणवाल्या बाईंनी हे विचारलं, तेव्हा मणीवाली दोऱ्यात मणी ओवत होती. तिनं मानेनंच डाव्या हाताच्या डबीकडे खूण केली. बाजारात तिला सगळे मणीवालीच म्हणत. छताखालच्या तिसऱ्या रांगेत, एका बाजूला चपलांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला कुंड्यांतली रोपं, यांच्यामध्ये तिचं टेबल असे. तिच्या हातच्या माळा, ब्रेसलेटं, कानातली. सगळं खऱ्या दगडांचं, सगळं हातानं ओवलेलं.

"आमच्या खालच्या मजल्यावर राहतात ना घड्याळजी," शिवणवाल्या बाई डबी उघडत म्हणाल्या, "त्यांना फार गुण आला हो. रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा बंद. आज बारा दिवस झाले."

"डॉक्टरांनी बंद केल्या?"

"छे, डॉक्टर कशाला. त्यांनी स्वतःच केल्या. तुमच्या चिठ्ठीत लिहिलंय म्हणे."

मणीवालीच्या हातून दोऱ्याचं टोक निसटलं. सोळा मणी टेबलावरून टपाटप खाली गेले आणि त्यातले निम्मे चपलांमध्ये शिरले.

"वहिनी, गिऱ्हाईक पाठवा इकडे, मणी नकोत," चपलावाला म्हणाला. एरवी तिनं त्याला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नसतं.

आता ही चिठ्ठी काय भानगड होती ते सांगायला हवं.

मणीवालीला हे काम कोणी शिकवलेलं नव्हतं. एकदा तुटलेली माळ नीट करायला घेतली, उसवत उसवत पार शेवटच्या गाठीपर्यंत गेली, आणि मग तशी दुसरी करून बघितली. ताटात जुना टॉवेल पसरायचा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. त्यावर दगड मांडायचे, बघायचे, मोडायचे, परत मांडायचे. गडद दगडांच्या रांगेत दोन फिके, जरा ओबडधोबड दगड घातले की नजर तिथे टेकते, हे तिला आपोआप उमगलं होतं. माल चांगला होता, पण खपत नव्हता. बायका माळ उचलायच्या, गळ्याशी धरायच्या, "छान आहे" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. 'छान आहे' म्हणणारं गिऱ्हाईक कधीच काही घेत नाही, हे तिला पहिल्या सहा महिन्यांत कळलं.

तिच्या वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, तीस वर्षं विमा विकला होता. निवृत्त झाल्यावर घरात बसून त्यांची जीभ गंजायला लागली, म्हणून त्या टेबलामागे येऊन उभ्या राहिल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, लोक वस्तू घेत नाहीत, कारण घेतात. तू कारण देत नाहीस. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

तेव्हापासून प्रत्येक दागिन्याला बोटभर चिठ्ठी. वन्सं विकायच्या आणि मणीवाली लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं. पहिल्या दोन चिठ्ठ्या दगडांच्या व्यापाऱ्याकडून ऐकलेल्या होत्या. बाकीच्या तिनं मनानं लिहिल्या. घरात वादावादी झाली त्या दिवशी हिरव्या दगडावर लिहिलं, 'घरात शांतता राहते.' मुलाचा तीन आठवडे फोन आला नव्हता तेव्हा गुलाबी माळेवर लिहिलं, 'दूरची माणसं आठवण काढतात.' आणि काळा, लोखंडासारखा जड हेमॅटाइट? व्यापारी म्हणाला होता, याला भोक पाडताना पाणी लाल होतं. एवढ्या एका खऱ्या गोष्टीवर तिनं लिहून टाकलं, 'रक्ताचा वेग आवरतो.' वाक्य तिला आवडलं होतं. त्याला वजन होतं.

माल खपायला लागला. तिनं मनातल्या मनात म्हटलं होतं, यात कुणाचं काय जातंय?

"वन्सं," ती आता म्हणाली, "मी निघते."

"कुठे?"

"घड्याळजींकडे. गोळ्या सोडल्यात त्यांनी."

"अगं, शनिवारी? धंद्याचा वार आहे. सोमवारी जा की."

"सोमवारपर्यंत त्यांना काही झालं तर?"

वन्संनी टेबलावरच्या माळा उगाचच सरळ केल्या. मग त्या म्हणाल्या, "त्यांना स्वतःचं डोकं आहे. आणि आम्हीही विकायचो की लोकांना आशा. पण आमच्या कागदावर खाली बारीक अक्षर असायचं. ते तू घातलं नाहीस, ही तुझी चूक."

"बारीक अक्षर कोण वाचतं, वन्सं?"

"कोणी वाचत नाही. पण असतं."

शिवणवाल्या बाईंकडून पत्ता घेऊन ती निघाली. बाईंनी घेतलेला काळा दगड मात्र तिनं त्यांच्या हातातून काढून घेतला. पैसे परत केले आणि वर हिरवा दिला, फुकट. चिठ्ठी फाडून. बाईंना काही कळेना. त्या म्हणाल्या, "याचा काय उपयोग?" मणीवाली म्हणाली, "दिसतो चांगला."

बसमध्ये तिला एका जागी बसवेना. आधी खिडकीजवळ बसली, मग दाराजवळ, मग उभीच राहिली. कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडी तुमच्या चालण्यानं लवकर पोचणार नाही." बारा दिवस. बारा दिवसांत काय काय होऊ शकतं, याची यादी डोक्यात आपोआप लांबत गेली. तिच्या आत्याला असंच झालं होतं. सकाळी बोलत होती, दुपारी तोंड वाकडं. एक स्टॉप आधीच ती उतरली, कारण थांबलेल्या बसमध्ये उभं राहण्यापेक्षा चालणं बरं वाटलं. मग तीच बस तिच्याच शेजारून पुढे निघून गेली. दारात जास्त चपला दिसल्या तर परत फिरायचं, असं तिनं गल्लीच्या तोंडाशी ठरवलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

चपला दोनच जोड होत्या. दार घड्याळजींच्या सुनेनं उघडलं. हात पिठाचे, कपाळावर घाम.

"मी मणीवाली. ते काळं ब्रेसलेट..."

"तुम्हीच का त्या चिठ्ठीवाल्या?" सून म्हणाली. "या. तुमच्याशी भांडायला यायचंच होतं मला, वेळ मिळत नव्हता."

"बरे आहेत ना ते?"

"आहेत. दोन दिवस डोकं दुखतंय, पण कबूल करत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, ह्यांनी कामावरून फोन करकरून सांगितलं. पण आमचं सगळं तोंडी ना. तुमचं लेखी."

आतल्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर बारीक बारीक कप्प्यांची पेटी, भिंतीवर सात घड्याळं. सातही बरोबर एकच वेळ दाखवत होती, त्यामुळे तिथे उशीर झाल्यासारखं सारखं वाटत होतं. घड्याळजी सडपातळ, ताठ. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्यावर तिचं ब्रेसलेट.

"तुम्ही केलंय हे?" ते म्हणाले. "गाठ कुठे लपवलीत ते शोधायला मला दोन दिवस लागले. मोठ्या मण्याच्या भोकात ओढून घेतलीत. हो ना?"

"हो."

"काम स्वच्छ आहे."

दोन वर्षांत तिची गाठ कोणी शोधली नव्हती. एरवी या वाक्यावर ती आठवडाभर तरंगली असती. आता मनात एवढंच आलं: ज्याला काम कळतं अशा एकाच माणसाला आपण फसवलं.

ती उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, ती चिठ्ठी मी मनानं लिहिलीय. दगड रक्तदाबाला काही करत नाही. तुम्ही गोळ्या सुरू करा."

"बसा आधी."

ती बसली. सून दारात उभी राहिली, पिठाचे हात अधांतरी धरून.

"तुम्ही ओवणाऱ्या," घड्याळजी शांतपणे म्हणाले. "दगडात काय आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच असं नाही. तुमच्या हातून लिहिलं गेलं, एवढं खरं."

"अहो, मी खोटं लिहिलं, असं सांगते आहे."

"बघा," सून म्हणाली. "माझं काय म्हणणं होतं? काळ्या दगडावरची रेघ झालीय ती. आता लिहिणारीनं पुसली तरी पुसत नाही."

घड्याळजींनी सुनेकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी कप्प्यातून एक जुनं मनगटी घड्याळ काढलं, मागचं झाकण नखानं उघडलं आणि भिंग मणीवालीच्या हातात दिलं. "बघा. लाल ठिपके दिसतात?"

दिसले. चाकांच्या गर्दीत टाचणीच्या टोकाएवढे लाल थेंब, आणि प्रत्येकात एक भोक, तिच्या सगळ्यात बारीक सुईपेक्षाही बारीक. एवढं भोक पाडतात कसं, असं तिच्या मनात आलंच. येऊ नये त्या वेळी कामाचं काहीतरी मनात येतं, ही तिची जुनी खोड.

"माणकं आहेत ती," घड्याळजी म्हणाले. "कारखान्यात केलेली, पण जात तीच. सतरा आहेत. जिथे जिथे घासतं, तिथे तिथे दगड बसवलाय. हे घड्याळ माझ्या लग्नाआधीचं आहे. आतून झिजलेलं नाही. चाळीस वर्षं मी या दगडांवर पोट भरलं. आणि तुम्ही मला सांगायला आलात, दगडात काही नसतं म्हणून."

खरं सांगून झालं होतं आणि ते चाललं नव्हतं. मणीवाली भिंगातून बघत राहिली. बघता बघता तिच्या लक्षात आलं, की एकही चाक हलत नाहीये.

"काका, हे बंद पडलंय."

"बंद नाही. उत्तम चालतं. किल्ली दिलेली नाही."

"पण दगड आहेत ना आत? सतराच्या सतरा?"

"आहेत की."

"मग चालत का नाही?"

"अहो, दगडाचं काम घासू न देणं. चालवायचं काम किल्लीचं. दगड काय किल्ली..."

ते थांबले. भिंतीवरची सात घड्याळं टिकटिकत होती. सुनेच्या बोटावरून पिठाचा एक कण खाली पडला, तो तिनं बघितलाही नाही.

"किती वेळा द्यावी लागते?" मणीवालीनं हळूच विचारलं.

"रोज." मग तिच्या हातातून भिंग परत घेत, "त्याच वेळेला."

त्यांनी झाकण लावलं, घड्याळ कप्प्यात ठेवलं. चेहऱ्यावर राग होता. दुसऱ्याच्या तोंडून आपलंच ज्ञान ऐकावं लागलं की माणसाला येतो तसला. शेवटी म्हणाले, "हे तुम्ही चिठ्ठीत लिहायला हवं होतं."

"जागा कमी होती."

"मागची बाजू कोरी आहे." आणि त्यांनी पेटीतून ती चिठ्ठी काढली, पातळ कागदाच्या घडीत जपून ठेवलेली.

मणीवाली पेन हातात घेऊन बसली. ती खोटं पुसायला आली होती, आणि आता त्याच खोट्याला टेकू द्यायचा होता. हे लिहिलं की दगडाला गुण आहे हे कायमचं मान्य. न लिहिलं तर बारा दिवसांचे तेरा होतील. तिनं दाराकडे बघितलं. सुनेनं ओठ न हलवता मान हलवली, 'लिहा.'

तिनं लिहिलं, 'सकाळची गोळी रोज घ्यावी. गोळी चुकल्यास दगड काम करत नाही.' आणि त्याखाली, वन्संना अभिमान वाटेल इतक्या बारीक अक्षरात, 'आजच दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नये.'

सून गोळ्यांची डबी आणि पाणी घेऊन आली. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून चिठ्ठी दोनदा वाचली आणि गोळी गिळली.

"आता उठा, दवाखान्यात जायचंय," सून म्हणाली.

"तेही आहे का यात?" त्यांनी परत भिंग लावलं. "आहे. बारीक आहे, पण आहे. चला."

दाराशी सून हळूच म्हणाली, "खोटं फार नीट लिहिता तुम्ही." त्यात आभार किती आणि टोमणा किती, ते मणीवालीला कळलं नाही. बहुतेक निम्मं निम्मं असावं.

सुटल्यासारखं वाटलं ते बसस्टॉपपर्यंतच. तिथे वन्संचा फोन आला. "झालं का? बरं. इकडे पाच नग खपले. चिठ्ठ्या संपल्यात, येताना कोरे कागद आण."

"वन्सं, चिठ्ठी न देता विका."

"चिठ्ठीशिवाय बायका 'छान आहे' म्हणतात आणि जातात."

"जाऊ दे."

"तुला बरं वाटत नाहीये का?" वन्संनी विचारलं, अगदी मनापासून.

बस आली. तिला बसायला जागा मिळाली, पण बसवेना. काळे दगड एकूण किती गेले होते? तीस? चाळीस? आणि जांभळे, 'झोप लागते' असं लिहिलेले? आणि गुलाबी? कुठेतरी एखादी बाई गुलाबी माळ घालून फोनजवळ बसली असेल. तिला कुठल्या घड्याळाचं उदाहरण द्यायचं? बसमधल्या प्रत्येक माणसाच्या मनगटाकडे तिची नजर जायला लागली. एक माणूस संशयानं बाही खाली ओढून बसला.

आणि पुढे, दांडी धरून उभ्या असलेल्या एका तरुण बाईच्या हातात तिला आपलं ब्रेसलेट दिसलं. गडद हिरव्या मण्यांत दोन फिके, ओबडधोबड. असे फिके दगड गडद रांगेत दुसरं कोणी घालत नाही. बाई खिडकीबाहेर बघत होती आणि अंगठ्यानं एक एक मणी फिरवत होती. घरात शांतता राहते. चेहऱ्यावरून तरी राहत नसावी.

मणीवाली गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेली.

"बाई, एक विचारू का? या दगडाबरोबर एक चिठ्ठी होती..."

बाईनं झटकन हात मागे घेतला आणि ब्रेसलेटवर दुसरा हात ठेवला. "का? काय झालं?"

"काही नाही. त्यावर मागच्या बाजूला थोडं लिहायचं राहिलंय."

"मला पुढच्या स्टॉपला उतरायचंय," बाई म्हणाली.

मणीवालीचा स्टॉप अजून चार सोडून होता. बस थांबली. बाई उतरली, आणि तिच्या मागोमाग, पर्समधलं पेन चाचपत, तीही उतरली.