आजीच्या दगडातला भाडेकरू

"आजोबा, चोर सापडला! चिमटा आणा, मोठा चिमटा!"

टिल्ली स्टुलावर उभी राहून, खाऱ्या पाण्याच्या टाकीला नाक लावून ओरडत होती. आजोबा तेव्हा एका कवळीला शेवटचं पॉलिश करत होते. त्यांनी ती पाण्याच्या वाटीत सोडली आणि भिंग कपाळावर सरकवून ते नातीपाशी आले.

कालपर्यंत टाकीत दोन मासे होते. आता निळ्याचं शेपूट तेवढं वाळूत उरलं होतं, आणि त्याला एक गुलाबी, केसाळ किडा चिकटला होता. उरलेला नारिंगी मासा कोपऱ्यात अंग चोरून उभा होता.

"रंगेहाथ!" टिल्ली म्हणाली.

"मयताच्या घरी कुणी घासभर जेवला, तर तो खुनी होतो का गं? आणि बोट लावू नकोस. त्याचे केस टोचले तर हात धरून नाचशील."

"बाबा, मी सांगून ठेवते," टिल्लीची आई ओट्यापाशी भांडी घासता घासता म्हणाली, "हा मासाही गेला, की टाकी घरातून जाणार. दर वेळी ही रडते आणि तुम्ही जेवत नाही. पुरे झालं."

मुलगी बोलली म्हणजे करणार, हे आजोबांना ठाऊक होतं. टाकी आजीची. मासे बदलत गेले, पण मधला जांभळा, भोकाभोकांचा दगड तिने हौसेने निवडून मांडीवर धरून आणलेला. ती गेल्यापासून आजोबाच काच पुसत, पाणी बदलत.

त्यांनी किडा चिमट्याने अलगद बशीत घेतला आणि भिंग टिल्लीच्या हातात दिलं. "आता तोंड बघ. कवळ्या करताना मी जन्मभर हेच केलं. आधी तोंड, मग माणूस."

"मऊ आहे. दात कुठायत?"

"नाहीतच. हा उष्टंखरकटं आवरणारा. याला हाकललं तर पाणी सडेल."

"मग तो, पांढऱ्या दोऱ्यांचा?"

"तो दोरे पसरून कचरा ओढतो. आणि ते पिसाऱ्यासारखं दिसतंय ना, तीही अळीच. ती पाणी गाळून पोट भरते. जबडा नाही, तर गुन्हा नाही."

मग त्यांनी भिंग परत घेऊन शेपूट त्याखाली धरलं, आणि त्याची कड फिरवून फिरवून पाहिली. चावे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. "हे कुरतडलेलं नाही, टिल्ले. कापलंय. कात्रीने कापावं तसं."

कापणारा अंधारातच बाहेर येणार, म्हणून भर दुपारी टाकीवर काळी चादर पडली. टॉर्चला लाल कागद बांधला, कारण या किड्यांना लाल उजेड फारसा कळत नाही. कोळंबीचा तुकडा वाळूत ठेवून दोघं चादरीत शिरली. थोड्या वेळाने टिल्लीची आईही ओल्या हातांनी आत आली. "सरका जरा."

आजीच्या दगडाच्या भोकातून आधी पाच शिंगं आली, चाचपडत. मागून अंग आलं, बोटाएवढं जाड, तांब्याच्या रंगाचं. त्याच्या प्रत्येक कड्यावरून निळी-हिरवी झाक सरकत होती. अंग येतच राहिलं. संपेचना. मग डोक्याहून रुंद जबडा उघडला, मिटला, आणि कोळंबी नव्हती. अंग सरसर पुन्हा भोकात गेलं.

आजोबांना आपण बनवलेले सगळे दात आठवले. मेण, प्लास्टर, भट्टी, घासणं, आणि एवढं करून माणूस म्हणायचा, "जरा टोचतंय." इथे कुणी माप घेतलं नव्हतं, साचा केला नव्हता. अंधारात आपोआप हे असं झालं होतं.

"किती सुंदर आहे," टिल्लीची आई पुटपुटली, आणि स्वतःवरच चिडली. "उकळतं पाणी ओता त्या दगडावर."

"ओढून काढू या!" टिल्ली म्हणाली.

"तुटेल. आत राहिलेला तुकडा पुन्हा वाढू शकतो. दगडासकटच काढायला हवा." आजोबांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. दगड धरला, पण उचलला नाही. "तुझ्या आजीने हा आणला, तेव्हाही हा आतच असणार. दोऱ्याएवढा. तिला पत्ताच नव्हता."

"म्हणजे इतकी वर्षं भाडं न देता राहिला?" टिल्लीने विचारलं.

आजोबा हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. त्यांची मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

"वरच्या फळीवर काचेचं मोठं भांडं आहे," ती म्हणाली. "ते घ्या. दगडासकट राहू दे त्याला तुमच्या कामाच्या टेबलावर. वर जाळी मात्र घट्ट बांधा. मला तो स्वयंपाकघरात फिरताना दिसायला नको."

"आणि टाकी?"

"मासा आहे ना अजून."

दगड बाहेर आला. चादर निघाली. टाकीच्या मधोमध वाळूत खड्डा उरला होता.

"इथे दुसरा दगड आणू या?" टिल्लीने विचारलं.

"राहू दे."

नारिंगी मासा कोपऱ्यातून निघाला. खड्ड्याच्या कडेला येऊन थबकला, परत फिरला, पुन्हा आला. आजोबांची ओली बाही फरशीवर ठिबकत होती, पण ते हलले नाहीत. मग मासा दगड होता त्या मोकळ्या पाण्यात शिरला आणि सरळ पलीकडे गेला.