नऊ तासांची सुट्टी

रविवारी सकाळी ठीक सात वाजता समोरच्या इमारतीने माझ्यावरचा सगळा भार एका सेकंदात सोडला. विजेचा दाब उसळला, स्विच खाडकन पडले आणि शहराची वीज गेली. बारा मिनिटांनी ती परत आली. कोणाला इजा झाली नाही.

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. शहराच्या कडेला, तारेच्या कुंपणाआड, खडीवर उभा असतो. लांबून येणाऱ्या विजेचा दाब उतरवून ती पुढे पाठवणे हे माझे काम. माझ्या पोटात तांब्याची वेटोळी आहेत, तेलात बुडवलेली. चौतीस वर्षांपूर्वी कारखान्यात दोघी बहिणींनी ती कागद गुंडाळत हाताने भरली. धाकटी म्हणाली, "हा आपल्यापेक्षा जास्त जगेल बघ." थोरली म्हणाली, "मग बडबड कमी कर आणि नीट गुंडाळ."

माझ्या शेजारी माझ्यासारखाच एक जोडीदार आहे. शहराचा दिवस आम्हा दोघांना तोंडपाठ. सकाळी पाण्याचे पंप, दुपारी शिलाईचे कारखाने, संध्याकाळी दिवे. रविवारी सकाळी सगळे उशिरा उठत आणि भार निम्म्यावर येई. तेव्हा जोडीदार एकटा शहर सांभाळी आणि मला दुरुस्तीपुरती सुट्टी मिळे.

तीन वर्षांपूर्वी समोर बिनखिडक्यांची लांबलचक इमारत सुरू झाली. ते डेटा सेंटर. आत हजारो संगणक एका कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवत असतात. अख्ख्या शहराला लागते तेवढी वीज या एका इमारतीला लागते, आणि तिला रविवार-सोमवार सारखेच. मला तिचा राग नाही, कौतुकच आहे. आमच्या वायरमन मामांच्या बहिणीला दिसत नाही. ती आलेले पत्र फोनसमोर धरते आणि फोन तिला ते वाचून दाखवतो, अडले तर समजावूनही सांगतो. मामांनी मला थोपटून ही बातमी दिली होती. "तुझीच वीज खाऊन शहाणा झालाय तो," म्हणाले.

माझी रविवारची सुट्टी मात्र इमारत सुरू झाली त्या दिवसापासून बंद झाली.

आमच्या उपकेंद्राच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात. रोज सकाळी त्या लाकडी दांडक्याचे एक टोक माझ्या टाकीला लावतात आणि दुसरे कानाला. वसंतात एकदा त्यांनी दांडके मामांच्या हातात दिले.

"ऐका."

"घुमतोय की नेहमीसारखा."

"मध्येच खरखरतंय. घाई करू नका."

मामांनी पुन्हा कान लावला. "आहे खरी खरखर. ताई, एवढे तिखट कान! घरी तुमच्या पाठीमागे कोणी काही बोलत नसेल."

तपासणीत कळले की माझ्या तेलात पाणी उतरले आहे. तेल गाळायला मला नऊ तास बंद ठेवणे भाग होते. नाही गाळले तर मी जळणार, हे ताईंना स्पष्ट दिसत होते. नवा ट्रान्सफॉर्मर मागवला तर यायला अडीच वर्षे, कारण कारखान्यासमोर रांग होती. तोवर एकटा जोडीदार शहर आणि इमारत दोन्ही ओढू शकला नसता.

इमारतीचे व्यवस्थापक वेळेचे इतके पक्के, की मामांनी त्यांचे नाव घड्याळसाहेब ठेवले होते. ताईंनी त्यांना बोलावून थेट माझ्यासमोर उभे केले.

"नऊ तास फार होतात हो. आमचं शिकवणं अकरा आठवडे चाललंय."

"मध्ये थांबवलं तर शिकलेलं पुसलं जातं?"

"नाही, ते जपून ठेवता येतं."

"मग थांबवा. हा जळला तर अडीच वर्षं थांबेल."

घड्याळसाहेबांनी खिशातले घड्याळ काढून पाहिले. "रविवारी सातला बंद करतो. सात म्हणजे सात."

त्यांनी शब्द पाळला, आणि नेमकी तीच चूक झाली. एवढा भार एकदम सोडायचा नसतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. ताईंना ते सांगायचे सुचले नाही, कारण शहर कधी एका क्षणात झोपत नाही.

काम रद्द झाले. वरिष्ठ कार्यालयाने खुलासा मागवला. घड्याळसाहेब स्वतः आले.

"खुलाशात माझं नाव घाला."

"नावं घालून तेल गाळलं जाणार असेल तर दोघांची घालते. बसा आधी. पुढचा रविवार ठरवू."

परवानगीला तीन आठवडे लागले. रोज माझी खरखर वाढत होती. मग एका रविवारी ताई मीटरसमोर फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पलीकडे इमारतीत घड्याळसाहेब होते.

"संगणकांची एक रांग बंद करा."

"केली."

"थांबा. काटा स्थिर होऊ दे. हं, आता पुढची."

"मॅडम, सात वाजून वीस मिनिटं झाली."

"घड्याळ खिशात ठेवा साहेब. पुढची रांग."

चाळीस मिनिटांत इमारत पायरी पायरीने उतरली. शहरातला एकही दिवा लुकलुकला नाही. मग ताईंनी मला बंद केले. मित्रांनो, मामांच्या चपलांखाली वाजणारी खडी मला त्या सकाळी तीन वर्षांनी पुन्हा निवांत ऐकू आली. संध्याकाळी पाचला स्वच्छ तेलानिशी मी पुन्हा घुमू लागलो, आणि इमारत तशीच पायरी पायरीने वर चढली.

यंत्रांना जरूर शिकवा, मित्रांनो. त्या शिकवण्यात माझाही वाटा आहे याचा मला अभिमान वाटतो. फक्त ज्याच्या जोरावर ती शिकतात, त्याने कधी थांबायचे ते आधी ठरवून ठेवा.

गेल्या मंगळवारी घड्याळसाहेबांच्या कंपनीकडून आणखी एका इमारतीसाठी वीज मागणारा अर्ज आला. तिलाही पहिलीइतकीच वीज लागेल. ताईंनी त्यावर दोन अटी लिहिल्या: आधी तिसरा ट्रान्सफॉर्मर बसवावा, आणि आम्हा प्रत्येकाला वर्षातून दोनदा सुट्टी लेखी मिळावी. घड्याळसाहेबांनी खाली सही केली. अर्ज वरिष्ठ कार्यालयात आहे. उत्तर आलेले नाही. पहिल्या इमारतीशेजारच्या मोकळ्या जागेवर मात्र काल नव्या इमारतीचा पाया खणायला सुरुवात झाली.