पाच-नऊची वही

मी एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. नांदेडच्या रेणुकादास सरांनी मला आणलं, तेव्हा मी कोरी करकरीत होते. सर कॉलेजात शिकवायचे आणि हौसेखातर घरी रेडिओ चालवायचे. दूरच्या कुणाशी बोलणं झालं की माझ्यात एक ओळ पडायची: तारीख, वेळ, समोरच्याच्या रेडिओची ओळखखूण आणि दोन आकडे.

मित्रांनो, ते आकडे समजून घ्या, कारण माझं सगळं दुःख त्यांच्यात आहे. पहिला आकडा एक ते पाच, म्हणजे समोरच्याचे शब्द किती कळले. दुसरा एक ते नऊ, म्हणजे आवाज किती जोरात आला. सगळं लख्ख ऐकू आलं तर पाच-नऊ.

पण या मंडळींची एक रीत आहे. आवाज कितीही खरखरला तरी पाच-नऊच सांगायचं. लग्नातल्या जेवणाला कुणी तोंडावर नावं ठेवतं का, तसंच हे. माझी पानंच्या पानं पाच-नऊनं भरली. सरांचे दोस्त मला चाळून वाहवा करायचे आणि मी फुगून जायचे.

मग मन्याड नदीला पूर आला. कंधारकडच्या एका गावात सरांसारखेच रेडिओची हौस असलेले विरूपाक्ष गुरुजी अडकले. तिथले फोन बंद पडले होते. बॅटरीवरच्या रेडिओवरून त्यांनी सरांना कळवलं की देवळाच्या छतावर बारा माणसं आहेत. पुढचं वाक्य खरखरीत बुडालं. सरांना वाटलं, निरोप एवढाच असेल. तोंडात बसलेलं बाहेर पडलं, "पाच-नऊ." बॅटरी वाचवायला गुरुजींनी रेडिओ बंद केला. सरांनी माझ्यात तेच आकडे लिहिले आणि शेजारी बारा माणसांची नोंद केली.

सरांनी धावपळ करून बोट पाठवली. बारा जण वाचले. खरखरीत बुडालेलं वाक्य केवळाबाईंबद्दल होतं. त्या ओढ्यापलीकडच्या आखाड्यावर, शेतातल्या घरात, एकट्याच होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा देह बाभळीला अडकलेला सापडला.

पुढं गुरुजी नांदेडला आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही पाच-नऊ म्हणलात. म्हणून म्या दुसऱ्यांदा सांगितलं न्हाई."

सरांनी रेडिओवर चादर टाकली. मी दोन वर्षं कपाटात कसरीच्या तोंडी पडून राहिले.

यंदा त्यांची लेक विशाखा रेडिओच्या परवान्याचा अभ्यास करायला बसली. तिनं मला बाहेर काढलं आणि विचारलं, "बाबा, सगळीकडं पाच-नऊच कसं?" सरांनी पुराच्या दिवसाचं पान काढलं. आमच्यात खोडायची पद्धत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि वर खरं लिहायचं. सरांनी लिहिलं, तीन-दोन. शेजारी सही केली. ती रेघ मागच्या चार पानांवर उमटली आहे.

परवाना मिळाल्यावर विशाखा पहिल्यांदा गुरुजींशीच बोलली. म्हणाली, "काका, तीन-तीन. नीट कळालं नाही, पुन्हा सांगा." गुरुजींनी पुन्हा सांगितलं. सर उठून आतल्या खोलीत गेले.

मित्रांनो, मला कव्हर घाला, वाळवीपासून जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्यात खरं तेवढंच लिहा. ऐकू आलं नाही तर तसं सांगा, त्यात कसली लाज? पुराच्या त्या ओळीत बारा माणसांची नोंद आहे. केवळाबाईंचं नाव नाही. ते सरांना ऐकूच आलं नव्हतं.