कारण: लिफ्टचा वापर

कुलपं तुम्ही, शर्यतीच्या समितीने, लावलीत. दुसऱ्या मजल्यापासून एक्केचाळिसाव्यापर्यंत, जिन्यातल्या प्रत्येक दाराच्या दांड्यातून साखळी ओवून, चाळीस दारांना चाळीस कुलपं. आता 'सुरक्षेसाठी' म्हणताय. कसली सुरक्षा? मागच्या वर्षी याच जिना चढायच्या शर्यतीत कुणी एक बहाद्दर अकराव्या मजल्यावर जिन्यातून सटकला, लिफ्टने तिसाव्याला पोचला, पुन्हा जिन्यात शिरला आणि चषक घेऊन घरी गेला. तुमची शोभा झाली. त्या एका चोरापायी यंदा दोनशे दहा माणसांना कोंडलंत. त्यातल्या शेवटच्या दोघांची ही गोष्ट आहे. आधी पुरती ऐका, मग तोंड उघडा.

सगळ्यात शेवटच्याला लोक शेपूट म्हणतात. म्हणजे त्याच्या कामावरचे लोक म्हणतात, आणि आता घरीही तेच नाव पडलंय. निकालाचा कागद हातात आला की नाव खालून शोधायचं, लगेच सापडतं. धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारा. माणसाला एक पायरीही चढावी लागू नये म्हणून बावीस वर्षं ग्रीसने हात काळे केले, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी याला धावायची हुक्की आली. तीही सरळ नाही. सरळ रस्त्यावर सगळेच धावतात, त्यात काय मोठं, असं त्याचं म्हणणं. तो उलटं धावायच्या शर्यतीत गेला आणि पाठीने जाऊन उभ्या अँब्युलन्सवर आदळला; आतले लोक म्हणाले, गिऱ्हाईक स्वतःच चालत आलं. वीस किलो वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन टेकडी चढला, आठवडाभर त्याला शर्ट घालवेना. एका बंद पडलेल्या बोगद्यात मिट्ट काळोखात तीन किलोमीटर धावला. दर तासाला एक फेरी, एकच धावणारा उरेपर्यंत, अशीही एक शर्यत केली. चौथ्या फेरीला बाहेर पडला, घरी जाऊन जेवला, झोपला आणि उरलेल्यांना टाळ्या वाजवायला परत गेला.

हे सगळं वेड्यासारखं वाटेल, पण वेडा तो नाही. कामाच्या पहिल्या दिवशी त्याच्या वस्तादाने त्याच्या कानाला धरून सांगितलं होतं: लिफ्टच्या शाफ्टमध्ये डोकं घालायच्या आधी बाहेर यायची वाट बघून ठेव. तेव्हापासून कुठेही आत जाण्याआधी तो बाहेरची वाट बघतो. बोगद्यात प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी होती आणि भिंतीला दोर होता. एका चिखलाच्या शर्यतीत दर पन्नास पावलांवर एक माणूस बांबू घेऊन उभा होता. जितकी शर्यत येडी, तितकी ती भरवणारी माणसं शहाणी, असा त्याचा अनुभव. तुमची गाठ पडेपर्यंत.

त्याच्या पुढे एक नंबर असायचा तो त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडू शिंपी. पोट मापाच्या टेपेबाहेर गेलेलं, आणि तोंड मशिनसारखं. पायडल मारावं लागत नाही, आपोआप चालतं. डॉक्टरने ब्लडप्रेशरची गोळी दिली आणि चालायला सांगितलं. उलट्या शर्यतीला तो नुसता हसायला आला होता. वाळूच्या पोत्याला स्वतः धावायला आला.

"साडूबुवा," तो म्हणायचा, "लोक पुढे जायला धावतात. तुम्ही पुढच्यांना वाट द्यायला धावता."

"आणि तुम्ही?"

"मी तुमच्या पुढे. तेवढं पुरे. सासुरवाडीत मान राहिला म्हणजे झालं."

दोघांची खरी शर्यत एवढीच होती. दोनशेव्या आणि दोनशे एकाव्या नंबरासाठी ते असे भांडायचे की बायका ताटं वाढून कंटाळून जायच्या.

आदल्या संध्याकाळी तुमच्या टोपीवाल्याने शेपटाला फोन केला. शर्यतीचा सगळा कारभार टोपीवाल्याकडे होता, आणि त्या इमारतीच्या लिफ्ट शेपटाच्या कंपनीकडे. चारही लिफ्ट बंद पाहिजेत, तो म्हणाला. शेपूट गेला. माणसांच्या तीन लिफ्ट वरून बंद केल्या. सामानाची लिफ्ट तळमजल्यावर आणून तिचा स्विच फिरवला, चावी लाल दोरीला बांधून वॉचमनच्या स्टुलामागच्या खिळ्याला अडकवली. रजिस्टरवर सही केली. मग त्याने साखळ्या बघितल्या.

"कुणाला मध्येच बाहेर पडायचं झालं तर?"

"दर पाचव्या मजल्यावर माणूस बसवतोय. खुर्ची, पाणी आणि त्या टप्प्याच्या चाव्या. तुम्ही नका काळजी करू, तुम्ही तिथवर पोचाल तरी का?"

टोपीवाला हसला. शेपूटही हसला. हे तो लपवत नाही.

रविवारी सकाळी दर दहा सेकंदांनी एकेकाला सोडत होते. फोन खाली पिशवीत जमा करायचे, जिन्यात हातात फोन नको, असा तुमचा नियम. साडू दोनशे नववा, शेपूट दोनशे दहावा. आत शिरताना साडू वळून म्हणाला, "आज बेचाळीस मजले तुम्हाला माझी पाठ दिसणार. नीट शिवलेली आहे, बघून घ्या."

जिन्यात नव्या रंगाचा वास होता आणि हवा शिळी होती. वरून पावलांची धडधड येत होती, ती हळूहळू विरळ झाली. साडूचा आवाज मात्र येत होता. तो मजले मोजत चढत होता, शिंप्याच्या हिशेबाने. "छाती झाली... कंबर झाली..." विसाव्या मजल्याला वरून आरोळी आली, "बाही लावली!" विसाव्यावरचा माणूस शेपटाचा नंबर लिहून उठला.

"शेवटचे तुम्हीच ना? चला, सुटलो बुवा."

खुर्ची उचलून तो खाली गेला. चाव्यांचा जुडगा त्याच्या कमरेला खुळखुळत गेला, तो आवाज शेपटाला तेव्हा नीट ऐकू आला होता.

पंचविसाव्यावर खुर्ची होती. माणूस नव्हता. खुर्चीखाली अर्धी पाण्याची बाटली.  गेला असेल लघवीला, शेपटाने मनाला समजावलं, आणि लगेच ध्यानात आलं की लघवीला जायलाही दार लागतं, आणि दाराचं कुलूप तर तसंच होतं. त्याने कान वर केले. शर्यत संपायची त्या गच्चीवरच्या कर्ण्यातून गाणं झिरपत होतं, टाळ्या पडत होत्या. साडू काहीच बोलत नव्हता.

जो माणूस दाढदुखीतही गप्प बसला नाही, तो गप्प होता.

अठ्ठाविसाव्याच्या लँडिंगवर साडू भिंतीला टेकून बसला होता, पाय पसरून.

"काय हो, बसलात? आज शेपूट तुम्हाला लागेल!"

साडू हसला. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं.

"बटण," तो म्हणाला.

"कसलं बटण?"

"बटण... बटण द्या." डाव्या हाताने तो ओठांकडे खूण करत होता. पाणी मागत होता. उजवा हात मांडीवरून घसरून फरशीवर पडला होता, बाहीत हातच नसल्यासारखा. आणि त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की आपण चुकीचा शब्द बोलतोय हे त्याला कळतंय. "बटण!" तो रागाने ओरडला. स्वतःवरच.

शेपटाने दार ओढलं. साखळी खणखणली, बोटभर फट पडली, तेवढीच. दाराला काचेची उभी पट्टी होती. पलीकडे कुठल्याशा ऑफिसचा गालिचा, पाण्याचं मशीन आणि टेबलावर फोन. दहा पावलांवर. तोच फोन त्याला अजून झोपेत दिसतो. त्याने काचेला लाथा घातल्या. आत जाळी होती. काच तडकली, फुटली नाही. तो ओरडला. वर कर्णा कुणाचं तरी नाव पुकारत होता, टाळ्या, शिट्ट्या, त्याचा आवाज त्यांच्याखाली दबून मेला.

खाली सत्तावीस मजले. वर चौदा. साडूचं वजन ब्याण्णव किलो. मागे कुणी नाही, कारण मागे कुणी नसण्याचीच त्याची ख्याती.

त्याने साडूला कुशीवर वळवलं, स्वतःचा शर्ट काढून डोक्याखाली दिला. "हलू नका. मी आलोच." साडूने डाव्या हाताने त्याचा घोटा धरला. शेपटाने ती बोटं एकेक करून सोडवली. ब्याण्णव किलो उचलणं एक वेळ सोपं असतं.

आणि मग शेपूट धावला. तीन वर्षं धावत होता असं लोक समजत होते. खरा धावला तो त्या दोन मजल्यांत. दर दहाव्या मजल्यावर सामानाच्या लिफ्टचं दार थेट जिन्यात उघडतं. तुम्ही त्याला साखळी लावली नव्हती, कारण ते दार आहे हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. तिसाव्यावर रिकामी खुर्ची. माणूस नाही. लिफ्टची दारं उघडायची गळ्यातली तिकोनी चावी पंचवीस वर्षं अंघोळीलाही निघाली नव्हती. तिने दार उघडलं. समोर काळा शाफ्ट, खालून गार वारा. त्याने खुर्ची उचलली आणि तिच्या पायाने लिफ्ट सरकते त्या लोखंडी रुळावर घाव घातले. लोखंड आवाज लांब नेतं.

"कोण आहे रे?" तळातून बारीक आवाज आला. वॉचमन.

"लिफ्ट वर पाठव! तिसावा!"

"नाही जमायचं! शर्यत चालू आहे! पायाने जा!"

"अरे, माणूस मरतोय इथे!"

"मागच्या वर्षीचा पण हेच म्हणाला असेल! मला बोलणी नका खायला लावू!"

शेपूट दाराच्या कडेवर पालथा पडला, डोकं आत घातलं. वस्ताद असता तर कानफटात मारली असती.

"ऐक! काल ही लिफ्ट मीच बंद केली! तुझ्या स्टुलामागे खिळा, खिळ्याला लाल दोरी! चावी उजवीकडे फिरव! माझी नोकरी गेली तर जाऊ दे, तुझी जाणार नाही, मी लिहून देतो!"

खाली काहीच हललं नाही. शेपटाने मोजायला सुरुवात केली, अकरापर्यंत मोजलं. मग दोर थरथरले.

वॉचमन स्वतः वर आला. दोघे अठ्ठाविसाव्यावर धावले. साडूला बघताच वॉचमनने "आई शप्पत" म्हटलं आणि पुढे एक अक्षर न बोलता पाय उचलले. दोन मजले. मध्ये दोनदा टेकवावं लागलं. त्या वाळूच्या टेकडीवर शेपूट मनातल्या मनात शिव्या देत चढला होता; इथे शिव्यांपुरताही श्वास नव्हता. साडूची मान त्याच्या दंडावर लोळत होती आणि तो पुटपुटत होता, बटण, बटण, बटण.

साडू नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास बसला. अँब्युलन्सचं दार लागलं तेव्हा नऊ सत्तेचाळीस झाले होते. अठ्ठाविसावं दार उघडं असतं तर मध्ये फक्त दहा पावलं होती, आणि एक फोन. मेंदूत रक्ताची गाठ, डॉक्टर म्हणाली. यात एकेक मिनिट मोजावं लागतं.

साडू जगला. दुकान आता त्याची बायको, म्हणजे शेपटाची मेव्हणी, चालवते. उजव्या हातात कात्री टिकत नाही. डाव्या हाताने तो खडूची रेघ मारतो, ती वाकडी जाते, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पुसतो. शब्द तीन-चार परत आलेत. बाकी सगळ्याला बटण. चहाला बटण, बायकोला बटण. जुनी गिऱ्हाइकं त्याच्या थट्टेची वाट बघत उभी राहतात आणि मग कपडे घेऊन खाली मान घालून जातात.

मग तुमचं पाकीट आलं. त्यात साडूसाठी सहभागाचं पदक आणि निकालाचा कागद. दोनशे नऊ: अपूर्ण. दोनशे दहा: बाद. कारण: लिफ्टचा वापर.

शेपटाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मेव्हणी शिवणाचं टाकून उठली आणि आत गेली.  साडू अर्ध्या तोंडाने हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. हसणं थांबल्यावर त्याने तो कागद ओढून घेतला, 'अपूर्ण' या शब्दावर डावं बोट ठेवलं आणि शेपटाकडे बघत विचारलं, "बटण?"

शेवटी सूर वर चढवून. प्रश्न होता तो. शेपटाला कळला: कुणामुळे?

तीन पत्रं त्याने तुम्हाला पाठवली. तिन्हींना एकच उत्तर: स्पर्धक स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी झाले, अर्जावर सही आहे. आहे, सही आहे. रजिस्टरवरही त्याची सही आहे. लिफ्ट त्याने बंद केली, साखळ्या बघून तो हसला, विसाव्यावरच्या चाव्या खुळखुळत खाली गेल्या तेव्हा तो गप्प राहिला. हे त्याने मेव्हणीला समोर बसून सांगितलं, कंपनीला लिहून दिलं, आणि जे व्हायचं ते त्याचं होईल. बाद केलंत, तेही मान्य. लिफ्ट वापरलीच त्याने.

आता तुमची पाळी. पंचविसाव्याची खुर्ची रिकामी होती, तिसाव्याची रिकामी होती. वर बक्षिसांना टाळ्या कमी पडत होत्या, म्हणून त्या माणसांना गच्चीवर कुणी बोलावलं? दोन माणसं जिन्यातच आहेत हे तुमच्या यादीत दिसत होतं. ती यादी कुणाच्या हातात होती? आणि नऊ दहा ते नऊ सत्तेचाळीस, अठ्ठाविसाव्या मजल्याची चावी कुणाच्या खिशात होती? समितीचं नाव नको. माणसाचं नाव हवं. साडू दुकानात कागद समोर ठेवून बसलाय. बोला.