देवीची सोपी गोष्ट

सिद्धलिंगप्पा मास्तरांना एकच वेड होतं: शास्त्र कसकसं जन्माला आलं, ते अडाण्यालाही उमजेल असं सांगायचं. पेन्शनीत निघाल्यापासून दर रविवारी ते सोलापुराहून सायकल हाणत अक्कलकोट रस्त्यावरच्या धनगरवाडीत जायचे. विद्वानांनी ज्ञान कडीकुलपात ठेवलंय असं त्यांचं मत, आणि ते कुलूप आपणच फोडतोय असा तोराही.

एकतीस सालच्या माघात देवीची साथ आली. वाडीचा म्होरक्या बिरप्पा. त्याची दोन वर्षांची नात नागी अजून टोचलेली नव्हती. तिला टोचलं की सगळी वाडी मुकाट दंड पुढे करील, हे मास्तर ओळखून होते. म्हणून त्यांनी लशीची कुळकथा रंगवून सांगितली. विलायतेतल्या गवळणी, गाईच्या आचळांवरचे फोड, ते हाताला लागले की बाईला मोठी देवी शिवत नाही हे हेरणारा डॉक्टर. पुढचा भाग रटाळ होता: कुठला फोड खरा, कुठला फसवा, याची वर्षानुवर्षांची तपासणी. लोक जांभया देतील म्हणून मास्तरांनी तो गाळला.

"समजलं की मास्तर," बिरप्पा म्हणाला. "लई सोपं हाय."

मास्तर त्या दिवशी हवेत तरंगत घरी आले.

चार दिवसांनी टोचणारा डॉक्टर वाडीत गेला, तर बिरप्पानं त्याला हात जोडून वाटेला लावलं. शिमग्याच्या आधी नागी देवीनं गेली.

मास्तर संतापून धावत गेले. सुतकाच्या घरी आवाज चढवू नये, एवढंही भान त्यांना राहिलं नाही. "इतकं कानीकपाळी ओरडलो, तरी पोरीला टोचलं नाहीस?"

"टोचलं की," बिरप्पा म्हणाला. "तुमी सांगितलं तसंच. गाई आमच्यात कुटं? मेंढरांना देवी आलीवती, त्याच फोडाचं पाणी फुलाबाईनं नागीच्या दंडाला खरडून लावलं. मग डाक्टर कशाला?"

फुलाबाई, नागीची आजी, आपल्या बोटांकडे बघत बसली होती.

मास्तर म्हणाले, "मेंढीचं चालत नाही रे. ती देवी निराळी. मला ठाऊक होतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"वाटलं, तुम्हांला कळायचं नाही."



"बाकीचं ऱ्हाऊ द्या, मास्तर," बिरप्पा म्हणाला. "मेंढरांचं आमाला कळलं नसतं व्हय?"