गेटावरचा नवा माणूस

इंदापुरात दीपकच्या दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर कॉम्प्युटर ठेवला होता आणि द्वारकाबाई त्यावर हात ठेवून बसल्या होत्या, तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसावं तशा.

आदल्या दिवशी पडद्यावर 'फर्मवेअर अपडेट'ची सूचना आली म्हणून त्यांची सून स्वरूपा हिनं बटण दाबलं होतं. तेव्हापासून यंत्र चालू केलं की एक लाल चौकट यायची, 'सिक्युअर बूट व्हायोलेशन' असं इंग्रजीत म्हणायची आणि तिथंच अडून बसायची.

त्या यंत्रात गेणबांचा आवाज होता.

गेणबा म्हणजे द्वारकाबाईंचे मालक. उभा जन्म वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. जेवणं झाली की क्वार्टरच्या पायरीवर त्यांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. शेजारच्या बाया खरकटी भांडी तशीच टाकून ऐकायला यायच्या, हसून हसून पदर डोळ्यांना लावायच्या. काय दिवस होते! पुढं नोकरी संपली, दोघं कळसला शेतावर आली. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. स्वरूपा तेव्हा पोटुशी होती. "लेकराला आजोबा ऐकू यायला नकोत का?" म्हणत तिनं सासऱ्याला रोज माइकसमोर बसवलं आणि सगळ्या गोष्टी बोलून घेतल्या. दुसरीकडं उतरवून ठेवायचं मात्र आज-उद्या करत राहून गेलं.

दीपकनं पेनड्राइव्ह हातात घेतला. "मावशी, फॉरमॅट मारावा लागतोय. विंडोज टाकून देतो. घोड्यासारखं पळंल."

"आन् आतलं?"

"आतलं जातंय. पण मशीन वाचंल."

"मशीन घिऊन काय करू? पापड लाटू त्याच्यावर?"

स्वरूपाचे डोळे भरून आले. "आत्या, मीच दाबलं वो..."

"गप. रडायला आजून काय झालं न्हाय."

गेणबा स्टुलावर बसून पडदा न्याहाळत होते. इंग्रजी त्यांना ड्रॉइंग वाचण्यापुरतं यायचं. लाल चौकटीतल्या 'सिग्नेचर' शब्दावर त्यांनी बोट टेकवलं. मग उठून ताठ उभे राहिले, नसलेल्या मिशीला पीळ भरला आणि हात आडवा घालून सुनेची वाट अडवली. दुसऱ्या हातानं खिशावर टिचकी मारून 'पास दाखव' अशी खूण केली.

द्वारकाबाईंना हसूच फुटलं. "अगं बया! त्यो मिशीवाला व्हय?"

कारखान्याच्या गेटावर एकदा नवा वॉचमन आला होता. पासावरची सही ओळखीची नाही म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं अख्खी पाळी बाहेर उभी केली. द्वारकाबाई डबा घेऊन गेल्या, तर मालक उन्हात आणि त्यांचं मशीन सावलीत! शेवटी साहेबानं येऊन त्या वॉचमनला समजावलं, तेव्हा गेट उघडलं.

"दीपक, आतलं जाग्यावर हाय का न्हाय, त्येवढं सांग."

दीपकनं कान खाजवला. "असणार मावशी. डिस्क तर दिसतीय."

"मग वॉचमन अडवतोय म्हणून कारखाना पाडतूस व्हय रं?"

स्वरूपानं बारामतीला भावाला, इंद्रजितला, फोन लावला. कॉम्प्युटर त्याच्याच ऑफिसातला जुना होता आणि त्यात विंडोजऐवजी एक फुकटची सिस्टीम त्यानंच बसवली होती.

"ताई, अपडेट करायच्या आधी मला विचारायचं तरी!"

"शिव्या मागनं दे. आता काय करायचं ते सांग."

"अगं, सिस्टीम बसवताना मी सिक्युअर बूट बंद ठेवलं होतं. अपडेटनं ते परत चालू झालं असणार. ओळखीची सही असल्याशिवाय ते कुणाला सुरूच होऊ देत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करायला सांग. आणि फॉरमॅट करू देऊ नको!"

दीपकनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि एफ-टू दाबत राहिला. करड्या पडद्यावर याद्या उघडल्या. त्यात शोधून त्यानं 'एनेबल्ड'चं 'डिसेबल्ड' केलं, सेव्ह केलं. पडदा काळा झाला. द्वारकाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"आत्या, बघा की!"

पडद्यावर त्यांच्या डाळिंबाच्या बागेचा फोटो होता. यंत्र चालू झालं होतं.

"आधी दोन पेनड्राइव्हवर उतरव," त्या म्हणाल्या, "चहा त्याच्यामागनं."

"तसंच करतो मावशी," दीपक हसला. "आज तुमी हात धरला, न्हायतर मी धुऊनच काढलं असतं सगळं."

उतरवून झाल्यावर स्वरूपानं एक गोष्ट लावली. आधी खोकला आला आणि मग तो भरदार, खरखरीत आवाज दुकानभर पसरला. "सूनबाई पाठीस लागली म्हणून बोलतो हाय. मधी कुणी उठायचं न्हाय..." चार्जर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थबकलं. स्वरूपा डोळे पुशीत हसायला लागली.

गोष्ट काही आटपेना. गेणबांनी स्वतःच्याच बडबडीला कंटाळून हात हलवला, 'पुरे, बंद करा' म्हणून.

द्वारकाबाईंनी तो हात धरून त्यांना खाली बसवलं.

"जन्मभर आमी ऐकलं. आता तुमी ऐका जरा."